दचकणं वेगळं, भीती वेगळी

बीपी, शुगर, उष्माघात, लेकरांची लसीकरणं असे विषय आपण इथे नेहमी बोलतो. आजचा विषयही ओपीडीतूनच आला आहे, पण जरा वेगळा आहे. विषय आहे भुताच्या गोष्टींचा.

झालं असं, की एकाच आठवड्यात दोन पेशंट आले. पहिले एक निवृत्त शिक्षक. वय एकाहत्तर, बीपीची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू. सोबत सूनबाई होत्या आणि तक्रारही त्यांचीच होती. "डॉक्टर, मामांना आता तुम्हीच सांगा. रात्री साडेअकरापर्यंत भुताची पुस्तकं वाचत बसतात. बीपीच्या माणसानं असलं वाचावं का?" सर गप्प होते. त्यांच्या पिशवीतून वाचनालयाचं नारायण धारपांचं पुस्तक डोकावत होतं. दुसरा पेशंट नववीतला मुलगा. त्याची आई म्हणाली, "लेकरू रातच्याला झोपतच नाही साहेब. छातीत धडधड होते म्हणतंय, दचकून उठतंय." ईसीजी केला, हिमोग्लोबिन बघितलं, थायरॉईड तपासलं. सगळं ठीक होतं. मग आईला थोडा वेळ बाहेर बसवलं, तेव्हा कळलं. रात्री पांघरुणात मोबाईल, कानात इअरफोन आणि एकामागून एक भुताचे छोटे छोटे व्हिडिओ. रिकामी खोली, हलणारा झोपाळा, शांतता आणि एकदम पडदाभर किंचाळणारा चेहरा.

सरांना मी सांगितलं, वाचा. फक्त साडेदहाला दिवा बंद करा. मुलाला सांगितलं, हे आजपासून बंद. सूनबाईंना आणि त्या मुलालाही हे पक्षपाती वाटलं. दोन्ही भुताचंच, मग एकाला परवानगी आणि एकाला बंदी का? प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्यासाठी आधी आपल्या अंगात काय घडतं ते बघावं लागेल.

फटाका फुटला, पातेलं पडलं, दाराआडून कुणी 'भॉ' केलं, तर काय होतं? पापण्या मिटतात, मान आखडते, खांदे वर येतात, कोपरं दुमडतात, पोट आवळलं जातं. याला आपण दचकणं म्हणतो. कानाने पकडलेला आवाज मेंदूच्या अगदी खालच्या भागात, म्हणजे मेंदूला मणक्याशी जोडणाऱ्या देठात जातो आणि तिथूनच मोजक्या पेशींच्या मार्फत स्नायूंना हुकूम सुटतो. पापणी मिटायला साधारण एका सेकंदाचा पंचविसावा भाग पुरतो. विचार करणारा वरचा मेंदू 'हे काय होतं?' असं विचारेपर्यंत अंगाने आपलं काम उरकलेलं असतं. डोळे आणि मान वाचवण्यासाठी निसर्गाने दिलेली ही सोय आहे. तिला शहाणपणाशी, धैर्याशी काही देणंघेणं नाही.

चार्ल्स डार्विन यांनी हे स्वतःवर करून बघितलं होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला त्यांनी तोंड लावलं आणि मनाशी पक्कं ठरवलं, की साप झेपावला तरी मागे हटायचं नाही. साप झेपावला आणि डार्विनसाहेब एक-दोन यार्ड मागे उडाले. काच मध्ये आहे हे त्यांना माहीत होतं, पण त्या माहितीचा काही उपयोग झाला नाही. हा किस्सा त्यांनी १८७२ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवला आहे. पुढे १९३९ मध्ये लँडिस आणि हंट या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पिस्तुलाच्या आवाजावर माणसं कशी दचकतात याचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. बंदुकीची सवय असलेल्या पोलीस नेमबाजांपैकीही बहुतेकांना पापणीचं मिटणं रोखता आलं नाही.

म्हणजे दचकवणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे. त्याला गोष्ट लागत नाही, पात्रं लागत नाहीत, प्रेक्षक कोण आहे हेसुद्धा माहीत असावं लागत नाही. वीस सेकंद शांतता ठेवा, मग कानठळ्या बसवणारा आवाज करा. हिंगोलीतला माणूस दचकेल आणि टोकियोतलाही दचकेल. स्वस्तातला भयपट किंवा मोबाईलवरचा व्हिडिओ एवढंच करतो. दचकल्यावर अंगात अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, काळीज धडधडतं, हातापायांना घाम येतो आणि आपण म्हणतो, "बाप रे, काय भीतीदायक होतं!" खरं तर आपण घाबरलेलो नसतो, नुसते दचकलेलो असतो. आपण पावती आपल्या पापण्यांच्या नावाने फाडायला हवी, ती दिग्दर्शकाच्या नावाने फाडतो.

घरी करता येईल अशी एक सोपी तपासणी सांगतो. तुम्हाला भीतीदायक वाटलेला प्रसंग आवाज पूर्ण बंद करून परत बघा. त्या मुलाला मी माझ्या टेबलावरच त्याचा सगळ्यात 'डेंजर' व्हिडिओ आवाज बंद करून लावायला सांगितला. तो चेहरा आला आणि मुलगा खुदकन हसला. पिठाच्या डब्यात तोंड घातलेल्या माणसासारखं ते भूत दिसत होतं.

मग त्याची झोप का गेली? एक तर शरीराला त्याच त्या दचक्याची सवय होते. तोच आवाज पाचव्यांदा ऐकला की अंग तेवढं उडत नाही. मग आणखी मोठा, आणखी अचानक आवाज हवा, म्हणून पुढचा व्हिडिओ. दुसरं, रात्री अकरा ते एक ही अंगाने सैल पडायची वेळ. त्या वेळात दर मिनिटाला अ‍ॅड्रेनॅलिनचा झटका मिळाला की मेंदू अंथरूण आणि सावधपणा यांची गाठ बांधून टाकतो. पुढे मोबाईल नसला तरी उशीवर डोकं टेकताच काळीज धडधडायला लागतं. याला औषध लागलं नाही. मोबाईल रात्री नऊनंतर स्वयंपाकघरात ठेवायचा आणि झोप येईपर्यंत अंथरुणात जायचं नाही, एवढ्यावर काम भागलं.

आता सरांच्या पुस्तकाकडे वळू. छापील पानाला 'भॉ' करता येत नाही. कागदाला आवाज नाही, अचानकपणा नाही, वाचक वाटेल तेव्हा थांबू शकतो, मध्येच चहा घेऊन येऊ शकतो. पुस्तकातल्या भयकथेकडे दचकवण्याचं हत्यारच नसतं. तरीसुद्धा धारपांची एखादी कथा वाचून माणूस रात्री मोरीत जाताना दोनदा दिवा लावतो. ते कसं होतं?

नारायण धारप (१९२५ ते २००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८ ते २०२०) यांची पुस्तकं मराठवाड्यातल्या वाचनालयांत अजूनही हातोहात फिरून पानं सुटलेली दिसतात. दोघांची वाट वेगळी आहे. धारप सरळ अमानवी शक्तीला समोर आणतात. मतकरींच्या कथांना बहुतेक लोक भयकथा म्हणण्यापेक्षा गूढकथा म्हणतात, कारण त्यांत भूत असेलच असं नाही, आणि असलं तरी ते शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसासारखं सभ्य असू शकतं. पण दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. सुरुवात ओळखीची असते. वाडा, चाळ, नोकरी, सासू-सून, घर घेण्याची धडपड, आजारी म्हातारी. पहिली काही पानं तर काहीच विपरीत घडत नाही. लेखक तुम्हाला त्या घरात राहायला लावतो, माणसं ओळखीची करून देतो. मग एक वस्तू थोडीशी सरकते.

धारपांची 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. तिकडचं रक्त पिणारं भूत क्रॉसला आणि लसणाला घाबरतं. हे आपल्याकडे जसंच्या तसं आणलं असतं तर हसूच आलं असतं. आपल्या फोडणीत रोज लसूण असतो! ती भीती मराठी गावात, मराठी घरात रुजवावी लागते, आणि ते काम आवाज मोठा करून होत नाही.

मेंदूच्या भाषेत सांगायचं तर खरी भीती वरच्या मजल्यावर तयार होते. आठवणी, जागेची ओळख, 'पुढे काय होईल' याचा अंदाज, हे सगळं मेंदूतल्या बदामाएवढ्या अमिग्डाला नावाच्या केंद्राशी जोडलेलं असतं. तुम्हाला कशाची काळजी आहे, तुमचं कोण आहे, तुम्ही काय गमावू शकता, हे माहीत असल्याशिवाय हा मजला पेटत नाही. म्हणून चांगल्या लेखकाला वेळ लागतो. त्याला आधी तुमच्याकडून थोडी माया वसूल करावी लागते, मग तो तिच्यावर भीती उभी करतो.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी याचं फार नेमकं उदाहरण दिलं होतं. दोन माणसं टेबलाशी साध्या गप्पा मारत आहेत आणि एकदम टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षकांना पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. आता तोच प्रसंग असा घ्या, की बॉम्ब ठेवलेला आणि तो कधी फुटणार हे प्रेक्षकांना आधीच दाखवलं आहे, भिंतीवर घड्याळ आहे आणि त्या माणसांना काहीच ठाऊक नाही. त्याच कंटाळवाण्या गप्पा आता जीव टांगणीला लावतात, आणि तेही पंधरा मिनिटं.

खरं तर हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला हे हिचकॉककडून शिकायची गरज नाही. वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे, औंढा तालुक्यातलं पिंपळदरी आणि आसपासची गावं गेली कित्येक वर्षं जमिनीतून येणारे गूढ आवाज ऐकत आहेत. जमिनीत फार खोल नसलेले छोटे भूकंप असा गडगडाट करतात, कधी कंप जाणवतो तर कधी नुसताच आवाज येतो. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहानंतर दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ रिश्टरचे दोन धक्के आपण सगळ्यांनी अनुभवले. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का बसला.

त्या दिवसांत ओपीडीत काय दिसलं ते सांगतो. धक्का बसला तेव्हा जो तो दचकला, ते काही सेकंद. पण छातीत धडधड, झोप नाही, बीपी वाढलेलं, भूक मेलेली, अशा तक्रारी घेऊन माणसं येत राहिली ती त्यानंतर कितीतरी दिवस. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवत होती. गणपती विसर्जन करून झोपलेली माणसं उठलीच नाहीत, हे मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. एक आजी मला म्हणाल्या, "आवाज आला की बरं वाटतं बाबा, आला अन् गेला. नाही आला की भ्या वाटतं." भीतीवर इतकं अचूक वाक्य मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

आवाज म्हणजे दचका. दोन आवाजांच्या मधली वाट पाहणं म्हणजे भीती. ती वाट पाहणं कशावर उभं असतं? आपलं घर, त्यात झोपलेली नातवंडं आणि किल्लारीची आठवण. यातलं काहीही काढून घेतलं तर उरेल तो नुसता गडगडाट. चांगला भयकथालेखक हीच मांडणी जाणूनबुजून करतो. फरक एवढाच, की त्याच्या गोष्टीला शेवटचं पान असतं. आजींच्या अंगणाला ते नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, मग चांगल्या भयपटात दचकवतच नाहीत का? दचकवतात ना. १९४२ च्या 'कॅट पीपल' या अमेरिकी चित्रपटात एक बाई रात्री निर्मनुष्य रस्त्याने चालली आहे. मागून पावलं ऐकू येतात, मग ती पावलंही थांबतात. ती घाईने चालते, मागे बघते, कुणीच नाही. आणि एकदम फिस्सकारल्यासारखा आवाज येतो, प्रेक्षक खुर्चीतून उडतात. ती असते बस, दार उघडणारी साधी बस. याचं शास्त्रीय कारण आता माहीत आहे. आधीच घाबरलेलं माणूस त्याच आवाजाला जास्त जोरात दचकतं. वरचा मजला पेटला असेल तर खालचा देठ जास्त जोरात झटका देतो. म्हणजे चांगला कलाकार दचका कमावतो, स्वस्तातला तो नुसता लादतो. आणि बस निघून गेली तरी त्या बाईच्या मागे कोण होतं हा प्रश्न रस्त्यावर तसाच उभा राहतो.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' घ्या. भाषा हिंदी असली तरी घर, पाऊस, वाडा, माणसं सगळी कोकणातली आहेत, आणि मूळ प्रेरणा धारपांच्या कथेची आहे. हा चित्रपट २०१८ मध्ये आला तेव्हा फार चालला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थिएटरला लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. मला यात डॉक्टर म्हणून गंमत वाटते. दुसऱ्यांदा बघताना दचका मेलेला असतो, हस्तर कधी आणि कुठून येणार हे पाठ असतं. तरी लोक पैसे देऊन परत गेले. कारण तिथली भीती राक्षसापेक्षा बापाची आहे. सोन्याच्या हव्यासापायी बाप आपल्या पोराला त्याच विहिरीत उतरायला शिकवतो, हे दहाव्यांदा बघितलं तरी पोटात कालवतं. आणि त्यात राक्षस नीट, पूर्ण दाखवला आहे. 'जे दिसत नाही तेच भीतीदायक' असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. दाखवायला हरकत नाही, दाखवण्याआधी काय पेरलं आहे ते महत्त्वाचं.

बरं, स्वस्तातली भीती म्हणजे पाप आहे असंही माझं म्हणणं नाही. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) मित्रांसोबत बघताना जी मजा येते ती वेगळीच. एक जण किंचाळतो, दहा जण हसतात, पोट दुखेपर्यंत हसून सगळे घरी जातात. ती भेळ आहे, खावी कधीतरी. रोज रात्री अंथरुणात एकट्याने खाऊ नये, एवढंच.

आता बीपीवाल्यांच्या प्रश्नाकडे येतो, कारण सूनबाईंना खरं उत्तर तेच हवं होतं. आपण म्हणतो ना, रक्त गोठलं! नेदरलँड्समधल्या लायडेनच्या डॉक्टरांनी हे खरंच तपासून बघितलं. तिशीच्या आतल्या २४ निरोगी लोकांना त्यांनी एक भयपट आणि एक शॅम्पेनवरचा शांत माहितीपट दाखवला, आणि आधी-नंतर रक्त घेतलं. भयपट बघताना निम्म्याहून जास्त लोकांमध्ये रक्त गोठायला मदत करणारा 'फॅक्टर आठ' नावाचा घटक वाढला. माहितीपट बघताना तो बहुतेकांचा कमी झाला. पण प्रत्यक्ष गुठळी होत असल्याची कसलीही खूण रक्तात दिसली नाही. २०१५ च्या डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने नाताळच्या खास, थोड्या मिश्कील अंकात हे छापलं. म्हणजे वाक्प्रचार अगदीच खोटा नाही, पण घाबरण्यासारखाही नाही.

पुस्तक वाचून होणारी भीती हळू चढते आणि हळू उतरते. वेग तुमच्या हातात असतो. बीपी नियंत्रणात असलेल्या माणसाने भयकथा वाचायला माझी हरकत नाही. झोप मोडायला मात्र आहे, कारण अपुरी झोप बीपी वाढवते, मग हातातलं पुस्तक भुताचं असो की भागवत असो. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा चालताना छातीत दुखतं, त्यांनी मोठ्या आवाजाचे दचकवणारे चित्रपट सध्या टाळावेत. आणि एक दुर्मीळ पण महत्त्वाची गोष्ट. गजर, फोनची रिंग, फटाका अशा अचानक आवाजाने घरात कुणाची शुद्ध हरपत असेल, तर त्याला भित्रा म्हणून चिडवू नका. काही लोकांच्या हृदयाच्या विद्युतप्रवाहात जन्मजात दोष असतो आणि अचानक आवाजाने ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. ईसीजी काढा, लवकर काढा.

किती भीती चांगली, यावरही अभ्यास झाला आहे. डेन्मार्कमधल्या एका 'भूतघरा'त गेलेल्या ११० लोकांच्या छातीला ठोके मोजणारी यंत्रं लावली होती. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फार कमी घाबरलेल्यांना मजा आली नाही, फार जास्त घाबरलेल्यांनाही आली नाही. मधल्यांना सगळ्यात जास्त आली. भाजीतल्या तिखटासारखंच. चांगला लेखक हे तिखट मोजून घालतो. आवाजाचा बडगा घेतलेल्याला मोजमाप करताच येत नाही.

एका प्रकाराबद्दल मात्र मला कडक बोलायचं आहे. 'सत्य घटना', 'तुमच्याच जिल्ह्यात घडलेली', 'हिंमत असेल तरच बघा' अशा मथळ्यांचे व्हिडिओ. चांगली भयकथा दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये असते. ती खोटी आहे हे लेखकाला, वाचकाला दोघांनाही माहीत असतं, आणि त्या कराराच्या आधारावरच आपण निर्धास्त घाबरतो. हे व्हिडिओ तो करारच मोडतात. त्याचा त्रास कुणाला होतो? जिला आधीच काहीतरी होतंय तिला.

मध्यंतरी एका तरुण सुनेला घरचे घेऊन आले. पहाटे जाग येते, डोळे उघडे असतात, पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, खोलीत कुणाची तरी चाहूल लागते. घरच्यांनी असेच व्हिडिओ बघितलेले होते. 'बाहेरचं' आहे असं ठरलं, दोन ठिकाणी उतारे झाले, तिसऱ्या ठिकाणी तिला मारहाण होण्याची वेळ आली होती, तेव्हा तिच्या भावाने हट्टाने दवाखान्यात आणलं. या प्रकाराला निद्रा-पक्षाघात म्हणतात. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू आपले स्नायू मुद्दाम सैल सोडतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरंच पळालो असतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायूंचं कुलूप काही सेकंद ते एक-दोन मिनिटं उशिरा उघडतं. स्वप्नाचा उरलेला तुकडा खोलीत दिसतो. जागरण, ताण, उताणं झोपणं यांनी हे वाढतं. झोपेच्या वेळा सांभाळल्या, कुशीवर झोपलं, तर बहुतेकांचं कमी होतं. वारंवार होत असेल, दिवसा अनावर झोप येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणी मारहाण केली, चटके दिले, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. पोलिसांत जाता येतं.

हीच चाहूल, हेच छातीवरचं ओझं धारप-मतकरींच्या हाती लागलं असतं तर त्यांनी त्याची कथा केली असती. वाचणाऱ्याने ती मिटून कपाटात ठेवली असती आणि कुणाला मार बसला नसता.

शेवटी लहान मुलांबद्दल, कारण आया हा प्रश्न फार विचारतात. मुलांना भुताच्या गोष्टी सांगाव्यात का? माणसाची पहिली भयकथा म्हणजे 'बुवा... कुक'. आईचा चेहरा पदराआड जातो, क्षणभर जग नाहीसं होतं आणि परत येतं. बाळ खिदळतं, कारण पदराआड आईच आहे याची त्याला खात्री आहे. तोच खेळ अनोळखी माणसाने केला तर रडतं. मुलांच्या भीतीचं सगळं गणित यात आहे. सांगणारा माणूस विश्वासाचा हवा, आणि चेहरा परत यायला हवा.

पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना खरं आणि नाटकातलं नीट वेगळं करता येत नाही. दिसायला अक्राळविक्राळ असलं की ते घाबरतात, 'खोटं आहे रे' म्हणून काही उपयोग होत नाही. त्यांना असे व्हिडिओ अजिबात दाखवू नका, मोठ्या भावंडांच्या मोबाईलवरही नाही. त्यापेक्षा मोठ्या मुलांसाठी मतकरींनीच उत्तम सोय करून ठेवली आहे. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातल्या चेटकिणीला मुलं घाबरतातही आणि तिच्यावर हसतातही. पूर्वी दिलीप प्रभावळकर ती चेटकीण करायचे, २०१८ च्या नव्या संचात वैभव मांगले यांनी केली. बाप्या माणूस लुगडं नेसून चेटकीण झालेला असतो, त्यामुळे भीतीच्या पोटातच हसू ठेवलेलं असतं.

आपल्या भागात असा प्रयोग लागला तर मुलांना घेऊन जा. अगदी पुढच्या रांगेत बसवू नका, मधल्या रांगेत आणि तुमच्या बाजूच्या खुर्चीवर बसवा, म्हणजे हवा तेव्हा हात धरता येतो. प्रयोग संपला की शक्य असेल तर रंगपटाकडे नेऊन चेटकिणीला मेकअप पुसताना दाखवा. रात्री पोरगं विचारेल, "पप्पा, ती आता कुठं झोपली असेल?" त्याला सांगा, तिच्या घरी, तिच्या लेकरांजवळ.